एका दिवसाची कार्यशाळा की पाळीवरचा रोजचा सराव?

कामावरची भांडणं कशी मिटवायची हे कामगारांना शिकवायला जळगावच्या आमच्या डाळ मिलमध्ये आम्ही दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

बाहेरच्या प्रशिक्षकाने दिवसभरात थॉमस आणि किलमन या अभ्यासकांनी मांडलेले भांडण हाताळायचे पाच मार्ग समजावले: रेटून नेणं, मिळून तोडगा काढणं, थोडं देऊन थोडं घेणं, टाळणं, नमतं घेणं. सुपरवायझरांना ते पटलं. हमाल आणि पॅकिंगच्या बाया मात्र गप्पच बसून राहिल्या.

दुसरी वाट म्हणजे पाळी बदलताना पंधरा मिनिटं. रात्रपाळी चाळणी साफ न करता जाते, यावरून रोज खडाजंगी व्हायची. मुकादमाने दोघांना चाळणीपाशीच उभं केलं. "काय व्हयनं भाऊ?" एवढंच विचारलं. एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, मग तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला: रात्री ब्रश स्टोअरच्या कुलपात असायचा! माणसं उगाच एकमेकांना कामचुकार म्हणत होती.

धोका एकच, मुकादम एकाच्या गावचा असला की पारडं झुकतं. म्हणून मी कार्यशाळेचा पैसा फक्त मुकादमांवर खर्च करीन, बाकीच्यांना पाळीवरच शिकू देईन.

धमकी किंवा पगाराचा वाद मात्र चाळणीपाशी मिटवू नये. २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती कायद्यानेच लागते. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडेच जायला हवी.