लॉक नेस की अ‍ॅबरफॉइलची डून टेकडी?

एडिंबरामध्ये मुक्काम असताना लोककथेसाठी एकच दिवस हाताशी असलेल्या एका स्नेह्यांनी स्कॉटलंडमधील लॉक नेस हे सरोवर आणि अ‍ॅबरफॉइल गावाजवळची डून टेकडी या दोहोंपैकी निवड विचारली आहे.

कथेच्या अस्सलपणात मला डून टेकडी सरस वाटते. सेंट कोलंबाच्या सातव्या शतकाअखेरच्या चरित्रात नेस नदीतील श्वापद येते हे खरे; परंतु लॉक नेसमधील गूढ प्राण्याची आजची कीर्ती १९३३पासूनची असून १९३४चे गाजलेले छायाचित्र बनावट निघाले. याउलट अ‍ॅबरफॉइलचे पाद्री रॉबर्ट कर्क यांनी पऱ्यांविषयीच्या गेलिकभाषक (गेलिक ही तिथली जुनी भाषा) लोकांच्या समजुती, त्यांची टर न उडवता, लिहून ठेवल्या; १६९२मध्ये ते वारले तेव्हा ते मेले नसून पऱ्यांनीच त्यांना नेले आणि त्यांचा आत्मा टेकडीवरच्या पाइन वृक्षात अडकला, अशी आख्यायिका झाली. संग्राहकच कथेत ओढला जावा, हे विलक्षण आहे.

लॉक नेसला खर्च अधिक, कारण नौकेला व सरोवराकाठच्या अर्कहार्ट किल्ल्याला तिकीट आहे. शिवाय लॉक नेसजवळच्या इन्व्हर्नेस शहरापर्यंत रेल्वेने एका बाजूला सुमारे साडेतीन तास जातात. अ‍ॅबरफॉइलला रेल्वे नाही, स्टर्लिंगमार्गे रस्त्यानेच जावे लागते आणि शेवटी चढण चालावी लागते, मात्र टेकडीला तिकीट नाही. झाडाला लोक नवसाच्या फिती बांधतात. प्लास्टिकची कृपया बांधू नये.

मुले किंवा चढण न झेपणारे ज्येष्ठ सोबत असतील, अथवा इन्व्हर्नेसला मुक्काम शक्य असेल, तर लॉक नेस निवडावे. लोकसमजुतींचा अभ्यास हाच हेतू असेल, तर डून टेकडी.