ओरॅकल पार्कला जायचंय? कॅलट्रेनच पकडा

सॅन फ्रान्सिस्कोत ओरॅकल पार्क मैदानावर जायंट्स या बेसबॉल संघाचा सामना बघायला आम्ही माउंटन व्ह्यूहून कॅलट्रेन या रेल्वेनेच जातो. सामन्याच्या दिवशी किंग स्ट्रीटवर गाडी घालणं म्हणजे पहिली इनिंग सिग्नललाच बघणं, वर पार्किंगचे पैसे वेगळे.

2024 पासून विजेवरच्या गाड्या सुरू झाल्या आणि प्रवासाचं रूपच पालटलं. डिझेलची घरघर नाही, धूर नाही. साधारण तासाभराचा प्रवास, सीटपाशी चार्जिंगची सोय. सॅन मटेओपर्यंत अख्खा डबा केशरी-काळ्या जर्सींनी भरून जातो. बाबांना बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी त्यांना हातवारे करून ‘स्ट्राइक’ समजावला, तो याच डब्यात!

क्लिपर कार्ड (प्रवासभाड्याचं स्मार्ट कार्ड) फलाटावरच टॅप करा, तिकीट गाडीत मिळत नाही. उतरल्यावर पुन्हा टॅप करायचं, हे नवखे हमखास विसरतात. शेवटचं स्टेशन फोर्थ आणि किंग. तिथून गर्दीच्या मागोमाग चालत सुटा, पाच-दहा मिनिटांत मैदानाबाहेरचा, जायंट्सचा दिग्गज खेळाडू विली मेजचा पुतळा दिसतो. गुडघे दुखणाऱ्या आईलाही हे अंतर सहज जमलं. शहरातूनच येणार असाल तर मुनी या शहराच्या वाहतूक सेवेची एन लाइन बरी, ती सेकंड आणि किंगला अगदी मैदानाशी सोडते.

परतीचं मात्र आधी बघून ठेवा. पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ) आल्यापासून बरेचसे सामने अडीच-पावणेतीन तासांत आटपतात, पण बरोबरी झाली की किती लांबेल याचा नेम नाही. रात्रीच्या सामन्याला शेवटच्या गाडीची वेळ फोनमध्ये टाकूनच निघा.