बोस्टनच्या म्युझियमचा जपानी विभाग: भारी माल कपाटातच

शनिवारी मी आणि बायको म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला जाऊन आलो. ग्रीन लाइनची ई ट्रेन जवळजवळ दारातच सोडते त्यामुळे पार्किंगची कटकट नाही. अख्खं म्युझियम एका दिवसात होत नाही हो, उगाच पाय दुखवू नका, आम्ही बाकी सगळं सोडून सरळ जपानी विभागात घुसलो.

आधी त्या देवळासारख्या केलेल्या खोलीत जा. १९०९ ची आहे, आत जाड लाकडी खांब, अगदी मंद उजेड आणि बुद्धाच्या मूर्ती. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, मग हळूहळू एक हात दिसतो, मग चेहरा, आणि बोलणारी माणसं आपोआप गप्प होतात. पण बाहेर आल्यावर डोक्यात किडा वळवळतोच, की देवळातले देव इथे आले कसे? तर १८६८ मध्ये जपान सरकारने शिंतो (त्यांचा मूळ धर्म) आणि बौद्ध वेगळे केले, बौद्ध देवळांचा आधार गेला, कित्येक मोडली आणि हाताला लागेल ते विकायला निघालं. नेमकं त्याच काळात बोस्टनचे लोक तिथे पोचले. फेनोलोसा १८७८ मध्ये टोकियोत फिलॉसॉफी शिकवायला गेला, पुढे जपान सरकारसाठी जुन्या कलेची पाहणी करायचा आणि स्वतः पण गोळा करायचा (आजच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा). डॉक्टर बिगेलो १८८२ मध्ये गेला आणि सात वर्षं तिथेच रमला. लुटारू म्हणवत नाही कारण पैसे मोजलेत, दोघं बौद्ध पण झाले, पण खरेदी ती पडत्या काळातलीच. दोघांनी गोळा केलेलं बरंचसं पुढे या म्युझियममध्ये आलं. १९३२ मध्ये म्युझियमने किबी नावाच्या जुन्या जपानी मंत्र्याच्या गोष्टीची चित्रगुंडाळी घेतली तेव्हा तर जपानमध्ये इतका गहजब झाला की पुढच्याच वर्षी असल्या वस्तू बाहेर जाऊ नयेत म्हणून कायदा आला.

आता प्रिंट्स, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली चित्रं. आम्ही गेलो त्या दिवशी जपानी चित्रकार हिरोशिगेचं पुलावरच्या पावसाचं चित्र लागलं होतं, १८५७ चं, व्हॅन गॉगने ज्याची ऑइलमध्ये नक्कल केली तेच. पुस्तकात शंभरदा पाहिलंय पण समोर नाक लावून बघा, पावसाची एकेक रेघ केसाएवढी, आणि ती काढलेली नाहीये, लाकडात तेवढीच रेघ उंच ठेवून बाजूचं सगळं कोरून टाकलंय! वरचा काळा ढग खाली येता येता विरत जातो, ते ठोकळ्यावरचा रंग दरवेळी हाताने पुसून केलेलं असतं, म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. बायको तिथून हलेना.

पण हे रंग नाजूक, उजेडाने उडतात, जुन्या प्रिंट्समधला फुलांपासून केलेला निळा तर पार मळकट पिवळट होतो. म्हणून थोडे महिने लावतात आणि परत अंधारात. प्रिंट्स जमवणाऱ्या स्पॉल्डिंग भावांनी तर कडीच केली, १९२१ मध्ये जवळपास ६५०० प्रिंट्स म्युझियमला दिल्या आणि अट घातली की भिंतीवर कधीच लावायच्या नाहीत. कधीच म्हणजे कधीच. यातल्या कितीतरी १९१३ मध्ये फ्रँक लॉइड राइटने, हो तोच आर्किटेक्ट, जपानला जाऊन यांच्या पैशाने घेतलेल्या. बायको म्हणाली दाखवायचंच नाही तर घेतलं कशाला, शालू आहे का ट्रंकेत ठेवायला? मला पण पटलं तेव्हा.

बाहेरची तेनशिन-एन बाग चुकवू नका, ओकाकुरा तेनशिनच्या नावाची आहे, जपानी कलेचा अभ्यासक, टागोरांचा मित्र, इथल्या विभागाचा प्रमुख होता. हिवाळ्यात बंद असते, तेवढं बघून जा.

माझ्याकडून पाच स्टार, बायकोकडून चार. घरी येऊन वेबसाइट उघडली तर स्पॉल्डिंगच्या प्रिंट्सचे फोटो तिथे आहेत, झूम केलं तर जांभळा जांभळाच, निळा निळाच, दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रातला. आम्ही दुपारी भिंतीवर बघितलेले त्याच काळातले प्रिंट्स त्यापुढे धुतल्यासारखे वाटायला लागले. रात्री एक वाजता मी झोपायला गेलो, ती अजून बघतच होती, चाराचे पाच मात्र केले नाहीत.