बेस गिटारचा पिकअप: तारांजवळ की खाली?
आवाज दबल्यासारखा वाटतो म्हणून पिकअप (तारांखालचा, त्यांची कंपनं टिपणारा चुंबकी भाग) वर घ्यावा, की आहे तिथेच ठेवून अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) वाढवावा, असं एकाने विचारलं. दोन्ही करून बघता येतं, लागतो फक्त स्क्रूड्रायव्हर. आधी तार शेवटच्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पिकअपकडच्या शेवटच्या पट्टीवर) दाबा आणि तार व पिकअप यांतलं अंतर मोजा. सुरुवातीला २.५ ते ३ मिमी ठीक.

जवळ घेतला की आवाज मोठा होतो, बोटाचा ठोका धारदार येतो. पण चुंबक तार ओढतं. जाड ई तारेवर वरच्या, म्हणजे पिकअपकडच्या, फ्रेटचे सूर डळमळतात, सूर मोजणारा ट्यूनर स्थिर राहत नाही, आणि जोरात वाजवलं तर तार पिकअपवर आपटते. लोक मग उगाच ब्रिजवर (तारा टेकतात त्या खालच्या आधारावर) इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा सूर, जुळवत बसतात!

खाली ठेवला तर सिग्नल कमी आणि गेनसोबत थोडी खरखर, पण सूर मोकळा घुमतो, हलका-जोरकस फरक नीट ऐकू येतो. मला हाच आवडतो.

हलक्या बोटांनी वाजवणाऱ्यांनी जवळ घ्यावा. स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोका देऊन) किंवा दणकून वाजवणाऱ्यांनी खालीच ठेवावा, निदान ई तारेच्या बाजूला तरी.