रोथेनबुर्गची वन डे ट्रिप : दुपारी चिडचिड, संध्याकाळी पैसे वसूल

जर्मनीतल्या रोथेनबुर्गबद्दल विचाराल तर लोक दोनच गोष्टी सांगतात. एक तर "अगदी परीकथेतलं गाव, चुकवूच नका" नाहीतर "सगळा दुकानदारीचा प्रकार आहे हो, काही खरं नाही". आता गंमत अशी की दोघंही खरं बोलतात, फक्त दोघं गावात असतात वेगवेगळ्या वेळी. सकाळी अकरा ते दुपारी साडेचार या वेळात बसेस भरभरून येतात आणि मार्केटच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि पाचनंतर तेच गाव असं रिकामं होतं की आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. त्यामुळे माझा रिव्ह्यू एका ओळीत सांगायचा तर पाचपैकी चार स्टार, पण फक्त संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तरच. बसच्या पॅकेजनं जाऊन जेमतेम दोन तासांत परत फिरणार असाल तर दोन, तेही तटबंदीमुळे.

आम्ही न्युरेम्बर्गहून गेलो, आई-बाबा भारतातून आले होते म्हणून. न्युरेम्बर्गहून आन्सबाख, तिथून श्टाइनाख, आणि श्टाइनाखला छोटी गाडी पकडून पंधरा मिनिटांत रोथेनबुर्ग, सगळं मिळून साधारण दीड तास धरा. वुर्झबुर्गहून येणाऱ्यांनाही श्टाइनाखलाच बदलायचंय. म्युनिकवरून मात्र रिजनल गाड्यांनी तीन तास जातात, एवढा वेळ बसायची तयारी असेल तरच एका दिवसात जा नाहीतर सरळ एक रात्र मुक्काम करा. चार-पाच जण असाल तर बायर्न-टिकेट (बव्हेरिया राज्याचं रिजनल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) काढा, पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर जाता येतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही आणि आयसीई म्हणजे वेगवान गाड्यांमध्ये तर अजिबातच नाही. डॉइचलांड-टिकेट (देशभरातल्या रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास) ज्यांच्याकडे आहे त्यांना वेगळं काही काढायचीच गरज नाही. आणि हो, ॲपमध्ये टाकताना "रोथेनबुर्ग ओब डेर टाउबर" असं पूर्ण नाव टाका, याच्याशी मिळत्याजुळत्या नावाची बाकीची गावंपण आहेत जर्मनीत आणि ती भलतीकडेच आहेत.

स्टेशनवर उतरल्यावर पहिल्यांदा जरा निराशाच होते, सुपरमार्केट, पार्किंग, साधी घरं, काही म्हणजे काही जुनं दिसत नाही. दहा मिनिटं चालल्यावर रोडरटोर नावाचा दरवाजा येतो आणि इथे माझा पहिला सल्ला, सगळे जण सरळ चौकाकडे जातात, तुम्ही जाऊ नका. दरवाज्याच्या आत शिरल्या शिरल्या बाजूलाच तटावर चढायचा जिना आहे, तो चढा. फुकट आहे, तिकीट-बिकीट काही नाही.

तटबंदी ही या गावातली सगळ्यात भारी गोष्ट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. वर लाकडी छप्पर असलेली अरुंद वाट, एका बाजूला दगडी भिंत आणि तिच्यात बाण मारायच्या फटी, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली लोकांची घरं, त्यांची परसं, वाळत घातलेले कपडे, टोमॅटोची रोपं. समोरून कोणी आलं तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं, आणि उंच माणसांनी डोकं सांभाळायचं कारण तुळया खरंच खाली आहेत. भिंतीत जागोजागी छोट्या दगडी पाट्या बसवल्यात, त्यावर नावं कोरलेली, गावं कोरलेली, आणि किती मीटर तेही. बाबा त्या वाचत वाचत चालले होते म्हणून आम्हाला अर्ध्या तासाच्या जागी तास लागला. जपानी नावं खूप, अमेरिकन खूप. ही सगळी माणसं म्हणजे ज्यांनी तट पुन्हा बांधायला पैसे दिले ते.

कारण काय, तर ३१ मार्च १९४५ ला अमेरिकन विमानांनी या गावावर बॉम्ब टाकले. तीनशेच्या वर घरं गेली, तटाचा सहाशे मीटरहून जास्त भाग पडला. म्हणजे आपण जे "मध्ययुगीन" म्हणून फोटो काढतो त्यातला पूर्वेकडचा बराच भाग युद्धानंतर परत उभा केलेला आहे, जुन्याच धाटणीत. काही लोकांना हे कळलं की फसवल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं, सपाट झालेल्या गावात काँक्रीटचे ठोकळे उभे करणं जास्त सोपं आणि स्वस्त होतं, त्यांनी ते केलं नाही. तोफांनी उरलेलं गाव उडवायचं पण ठरत होतं, पण अमेरिकेच्या युद्धखात्यातले जॉन मॅक्लॉय यांना हे गाव माहीत होतं, त्यांच्या आईनं इथलं चित्र घरी आणलेलं होतं, आणि त्यांच्या सांगण्यावरून तोफा न चालवता शरणागतीची बोलणी झाली. पण मग गाव निष्पाप होतं असंही नाही हां. नाझींना हे गाव फार आवडायचं, आदर्श जर्मन गाव म्हणून इथे सहली आणायचे, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये इथल्या उरल्यासुरल्या ज्यूंना हाकलून दिलं होतं. ही बाजू गावाच्या माहितीपत्रकात शोधावी लागते, बुर्गगार्टन नावाच्या बागेत मात्र १२९८ साली मारल्या गेलेल्या ज्यूंसाठी एक दगड आहे, तो बघा.

तटावर आईला गुडघ्यांचा त्रास झाला का, तर चढताना झाला. जिने उभे आणि पायऱ्या झिजलेल्या आहेत. एकदा वर गेलं की सपाट आहे, आणि मध्ये मध्ये उतरायला जिने आहेत त्यामुळे पूर्ण करायचा अट्टाहास नको. बाबागाडी अजिबात नेऊ नका. खाली रस्तेही सगळे दगडी फरसबंदीचे, चाकाची बॅग किंवा हील्स घालून आलेल्या बायकांचे हाल बघवत नव्हते.

आता चौक. टाउन हॉल, त्याच्या शेजारी राट्सट्रिंकश्टुबं नावाची जुनी इमारत, आणि तिच्यावरचं घड्याळ. सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला दोन खिडक्या उघडतात, एकीकडे सेनापती टिली, दुसरीकडे माजी महापौर नुश, आणि नुश हळूहळू पेला तोंडाला लावतो. गोष्ट अशी की १६३१ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात टिलीनं गाव जिंकलं, आणि म्हणे तो म्हणाला की सव्वातीन लिटर वाईनचा पेला कोणी एका दमात संपवला तर गाव सोडतो, आणि नुशनं तो संपवला. गाव जिंकलं हे खरं, पेल्याची मात्र दंतकथा, आणि तिच्यावर बसवलेलं नाटक १८८१ पासून होतंय. घड्याळाबद्दल माझं मत, शंभर माणसं मोबाईल वर करून उभी राहतात आणि बाहुली दोन-चार वेळा हात हलवते, संपलं. आई म्हणाली, "एवढंच?" एवढंच. जाता जाता तास पडला तर बघा, मुद्दाम थांबू नका.

टाउन हॉलच्या मनोऱ्यावर २२० पायऱ्या आहेत आणि शेवटी तर जवळजवळ शिडीच. मी एकटीच गेले. वरचा कठडा इतका अरुंद की पाठीला पाठ घासत फिरायचं, पण लाल कौलांचा सगळा पट्टा आणि तटाचा वेढा एका नजरेत येतो. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी खाली आईस्क्रीम खावं.

सेंट याकोब चर्चला थोडं तिकीट आहे आणि बरेच जण त्यामुळे दारातून परत फिरतात, तसं करू नका प्लीज. तिथे रीमनश्नायडर या शिल्पकारानं लिंडनच्या लाकडात कोरलेली वेदी आहे, साधारण १५०० ते १५०५ मधली, आणि ती समोर नाहीये, मागच्या बाजूला जिना चढून वर जावं लागतं. समोरच्या मोठ्या वेदीचा फोटो काढून निघालेली माणसं मी स्वतः बघितली. वरची वेदी रंगवलेली नाही, नुसतं लाकूड. येशूच्या शेवटच्या जेवणाचा प्रसंग आहे आणि मधोमध येशू नाही, ज्यूडास आहे, हातात पैशाची थैली घेऊन उभा, आणि येशू बाजूला. हातांच्या शिरा, कपाळावरच्या आठ्या, दाढीचे कुरळे केस सगळं लाकडात. बाबांना धर्माबिर्माशी काही देणंघेणं नाही, ते तिथे बाकावर बसले ते उठेचनात. आणखी एक मजा, चर्चचा हा भाग रस्त्याच्या वर बांधलाय, म्हणजे तुम्ही वेदीसमोर उभे असता तेव्हा तुमच्या पायाखालून सायकली जात असतात.

क्रिमिनालम्युझियमबद्दल लिहायला हवं कारण त्याला सगळे "टॉर्चर म्युझियम" म्हणतात आणि लहान मुलं असलेले घाबरतात. तसं भडक नाहीये, खरं तर ते कायद्याचं म्युझियम आहे, जुनी फर्मानं, शिक्के वगैरे खूप आहे आणि इंग्रजीत माहिती लावलेली आहे. भांडखोर बायकांच्या गळ्यात अडकवायचे लाकडी खोडे, चुगलखोरांना घालायचे लोखंडी मुखवटे ज्यांची जीभ हातभर बाहेर, आणि कमी वजनाचा पाव विकणाऱ्या बेकरवाल्याला ज्यात बसवून पाण्यात बुचकळायचे तो पिंजरा. दीड तास आरामात जातो, आणि दुपारच्या गर्दीच्या वेळी आत असणं हा फायदा वेगळाच.

प्ल्योनलाइन, म्हणजे ते पिवळं लाकडी चौकटीचं घर आणि दोन बाजूंना दोन मनोरे, जे प्रत्येक कॅलेंडरवर असतं. दुपारी तिथे फोटोसाठी अक्षरशः रांग होती. संध्याकाळी साडेसहाला परत गेलो तेव्हा एक मांजर आणि आम्ही.

खाण्याचं सांगते, इथेच एक स्टार कापलाय. श्नीबालन म्हणून गोळे प्रत्येक दुकानाच्या काचेत रचलेले असतात, पिठाच्या पट्ट्या कापून गोल साच्यात धरून तळतात आणि वर पिठीसाखर. आईनं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली चिरोट्याला पाक द्यायचा विसरले वाटतं. साधारण तसंच. चॉकलेटवाला त्यातल्या त्यात बरा, चौघांत एक पुरतो, आणि खाताना कपड्यांवर सांडतोच. जेवायला आम्ही चौकाजवळच्या एका हॉटेलात बसलो, नाव नाही घेत, केझश्पेट्झलं (चीज घातलेल्या जाड नूडल्स) मागवलं तर बाहेरून कढत आणि मधून थंडगार, वर विचारलं तर वेटरनं खांदे उडवले. चौकातली पाटी आठ भाषांत असेल तर पुढे चला, श्पिटालगास या रस्त्याच्या बाजूला किंवा तटाच्या आतल्या गल्ल्यांत बघा, तिथे स्थानिक लोकही बसलेले दिसतात. शाकाहारींना पर्याय कमीच, श्पेट्झलं, बटाट्याचे प्रकार, सॅलड, आणि एप्रिल ते जून असेल तर पांढरं श्पारगल म्हणजे ॲस्परॅगस मिळतं, ते मागवाच (हॅम नको म्हणून आधी सांगा). दुपारी दोन-अडीचनंतर बरीच किचन बंद होतात. रोख पैसे ठेवा, टॉयलेटसाठी सुट्टी नाणीसुद्धा. वाईन घेणाऱ्यांसाठी इथल्या फ्रांकेन भागातली सिल्वानर, चपट्या बाटलीतली, ती छान होती.

बारा महिने ख्रिसमसचं सामान विकणारं मोठं दुकान इथलंच, भर उन्हाळ्यात आत गेलं की झाडं, दिवे, लाकडी बाहुल्या. बघायला मजा येते, किमती बघून हात मागे येतो. आम्ही एक चिमुकला लाकडी तारा घेतला, बस.

पाचनंतर बुर्गगार्टनमध्ये गेलो. इथे किल्ला होता, १३५६ च्या भूकंपात पडला, आता बाग आहे, खाली टाउबर नदीची दरी आणि द्राक्षांचे मळे. बाकावर बसून घरून नेलेला डबा तिथेच खाल्ला आणि खरं सांगायचं तर दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण तेच. मला विचाराल तर गाव इतकं टिकलं याचं कारणही तिथूनच कळतं, १२७४ पासून स्वतंत्र शाही शहर (म्हणजे थेट सम्राटाच्या हाताखालचं), श्रीमंत, आणि तीस वर्षांच्या युद्धानंतर असं कंगाल झालं की जुनं पाडून नवीन बांधायला कोणाकडे पैसाच उरला नाही. मग एकोणिसाव्या शतकात चित्रकार आले आणि त्यांच्यामागे आपण.

रात्री आठला चौकातून नाइट वॉचमनची इंग्रजी टूर निघते, साडेनऊला जर्मन. काळा झगा, हातात कंदील आणि भाला, बुकिंग नाही, पैसे शेवटी रोख. हिवाळ्यात जानेवारी-फेब्रुवारीत नसते, तेवढं बघून जा. प्लेगवर, मैला रस्त्यात फेकण्यावर असे कोरडे विनोद की बाबांना अर्धं इंग्रजी कळत नसतानाही ते हसत होते. या टूरसाठीच थांबायचं. पण परतीची गाडी आधी ॲपवर बघून ठेवा, रात्री गाड्या तुरळक असतात आणि श्टाइनाखला एक हुकली की त्या प्लॅटफॉर्मवर चहाची टपरीसुद्धा नाही. कारनं येणाऱ्यांसाठी तटाबाहेर पी-१ ते पी-५ पार्किंग आहेत. डिसेंबरमध्ये राइटर्लेसमार्क्ट म्हणजे ख्रिसमसचा बाजार असतो, त्या शनिवार-रविवारी तर संध्याकाळीही गर्दी असते, तेव्हा जमलं तर मधल्या वारी जा.