जुन्या एमआर२ ची गिअर केबल: जुनी ओरिजिनल की नवीन बनवलेली?

टोयोटा एमआर२ ची दुसरी पिढी, १९८९ ते १९९९ वाली, हिचं इंजिन सीटच्या मागे, म्हणून गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन लांब केबली जातात, एक डावं-उजवं सांभाळते आणि दुसरी पुढे-मागे.

भंगारातल्या गाडीची ओरिजिनल केबल स्वस्त पडते, ब्रॅकेटमध्ये अगदी बरोब्बर बसते, पण तीही तुमच्या केबलीएवढीच म्हातारी ना! घ्यायच्या आधी हातात धरून थोडी वाकवा आणि आतली तार पुढे-मागे करून बघा, कचकच लागली किंवा मध्येच अडकली तर सरळ परत द्या, कारण आतलं अस्तर झिजलेलं असतं आणि ते काही दुरुस्त होत नाही. टोकाचं बुश, म्हणजे जोडाच्या जागेची रबराची छोटी कडी, मात्र नवीन मिळालं तर बदलता येतं.

नवीन बनवलेली महाग, पण गिअर कसा लोण्यासारखा पडतो! टोकाला रबराऐवजी धातूचा जॉइंट असेल तर थरथर थोडी हाताला जाणवते, एवढंच.

टर्बो आणि साध्या मॉडेलचा गिअरबॉक्स वेगळा आहे, पार्ट नंबर जुळवूनच पैसे द्या. गाडी रोज चालवत असाल तर मी नवीनच घ्या म्हणेन, डॅशबोर्डखालचा कन्सोल दोनदा कोण खोलणार!