मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स: झाडावरचे कोळी बघणाऱ्यांनी घ्यावी का?

घ्या बिनधास्त. बारीक गोष्ट जवळून मोठी दाखवणारी ही लेन्स ५०० रुपयांच्या आत येते, क्लिप लावायची आणि सुरू. दागिन्यांचे वगैरे फोटो काढायचे असतील तर मात्र नका घेऊ, कडेला सगळं धूसर येतं आणि वस्तू दोन-तीन सेंटीमीटरवर आणावी लागते त्यामुळे मोबाईलचीच सावली पडते.

मी पुण्यात टेकडीवर वापरतो. खोडावर दोन शेपट्यांचा कोळी असतो बघा, जाळंबिळं काही विणत नाही, सालीला चपटा चिकटून बसतो आणि रंग असा की नाकासमोर असून दिसत नाही. त्या शेपट्या म्हणजे रेशीम सोडायचे अवयव, मुंगी आली की पठ्ठ्या तिच्याभोवती गरागरा फिरून तिला गुंडाळून टाकतो. लेन्समधून तो धागा निघताना दिसला तेव्हाच पैसे वसूल. आंब्यावर पानं शिवणाऱ्या लाल मुंग्या असतील तर त्यांच्यात एखादी जरा वेगळी चालणारी सापडते का बघा, पाय आठ आणि समोर मोठे डोळे दिसले तर तो मुंगीचं सोंग घेतलेला कोळी.

आता हवा-पर्यावरण वगैरे कळतं का यातून? थोडंफार कळतं. कोळी शिकारी प्राणी, खायला किडे असतील तरच टिकणार, म्हणून एकाच झाडावर तऱ्हेतऱ्हेचे कोळी दिसले की खालची सगळी साखळी बरी चाललीये असं समजायला हरकत नाही. उलट रहदारीच्या रस्त्याकडेचं झाड बघा, पानावर धुळीचा थर आणि मागे पिठ्या ढेकूण नाहीतर खवले कीड, दोन्ही झाडाचा रस शोषणारे. धुळीत या किडी खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आणि किडींवर अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना नीट काम करता येत नाही मग रस शोषणाऱ्यांचं फावतं. खाली लावलेल्या गाडीच्या काचेवर चिकट थेंब पडतात ना, ते यांचेच उद्योग. सोसायटीने औषध फवारलं तरी आधी शिकारीच मरतात.

पण वडाची तुलना वडाशीच करा, तीसुद्धा त्याच महिन्यात, कारण पाऊस पडला की सगळं चित्र पालटतं. टेकडीवरचं गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडिया) झाड बाहेरून आणून लावलेलं, त्यावर मला माव्याशिवाय फारसं काही दिसत नाही, म्हणून काही तिथली हवा वाईट ठरत नाही.

तक्रारी दोन. जास्त कॅमेरे असलेल्या फोनमध्ये जवळ गेलं की फोन आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि लेन्स राहते भलतीकडेच, तेवढं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. दुसरं म्हणजे क्लिपचा रबर, माझा उन्हाळ्यातच सैल झाला, आता मधे कागदाची घडी घालून चालवतोय. त्याचा एक स्टार कापला.